चिंचेने घासलेली शिवराई

आज आपण जुन्या नाण्यांविषयी बोलणार आहोत. सुरुवात मात्र माझ्याच एका चुकीपासून करते.

माझ्या आजीच्या देवघरात एक तांब्याचं जाड नाणं होतं. आजी त्याला शिवराई म्हणायची. लक्ष्मीपूजनाला ते नाणं चौरंगावर यायचं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. त्या दिवाळीत आजीने मला पूजेची भांडी घासायला बसवलं, आणि मी भांड्यांबरोबर ते नाणंही घेतलं. आधी चिंच, मग मीठ, मग चुलीतली राख. काळं-हिरवं नाणं बघता बघता लखलखीत झालं. आजीने पाठ थोपटली. आज ते नाणं माझ्याकडे आहे, आणि त्यावर एका बाजूला ‘श्री’ची वेलांटी तेवढी ओळखू येते. बाकीची अक्षरं मी त्या दिवशी मोरीत वाहून घालवली. ते कोणत्या काळातलं होतं हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

आपल्या घरात, शेतात, पायाच्या खणतीत अशी कितीतरी नाणी येतात. काही घासली जातात, काही सोनाराच्या मुशीत जातात, काही भंगारात जातात. त्यांत नेमकं काय जातं, ते आज बघू.

आधी आपल्या समोरच्या बेटावर जाऊ. उरणच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की घारापुरी दिसते. आपल्याच उरण तालुक्यातलं हे गाव. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा त्याच्या तीन वस्त्या. तिथली लेणी बघायला जगभरातून माणसं येतात. तीन मुखांच्या शिवाची ती भव्य मूर्ती तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. पण ती लेणी कोणी खोदली? घारापुरीच्या मोठ्या लेण्यात राजाचं नाव सांगणारा शिलालेख आज नाही. मग अभ्यासकांनी उत्तर शोधलं कुठे? बाकीच्या पुराव्यांबरोबर एक मोठा आधार मिळाला तो समुद्रकिनाऱ्यावर सापडलेल्या तांब्याच्या लहान लहान नाण्यांचा. ती एक-दोन नव्हती, शेकड्यांनी होती. ती होती कलचुरी घराण्यातल्या कृष्णराज या राजाची. हा राजा इसवी सन ५५० च्या सुमारास होऊन गेला. त्यामुळे त्या काळात या बेटावर त्याची सत्ता असावी, असं म्हणता आलं.

पण राजाचं नाव कळलं यापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. शोभना गोखले नावाच्या विदुषी होत्या. जुने शिलालेख आणि जुनी नाणी वाचण्यात त्यांनी आयुष्य घातलं. कान्हेरीच्या लेण्यांतले लेख त्यांनी अभ्यासले, त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. घारापुरीच्या या नाण्यांबद्दल त्यांनी असं मत मांडलं, की इतक्या कमी किमतीची इतकी नाणी इथे सापडतात, ती लेणी खोदणाऱ्या कामगारांची मजुरी चुकवण्यासाठी वापरली असावीत.

मैत्रिणींनो, जरा थांबून विचार करा. डोंगर पोखरून ते लेणं कोरणाऱ्या माणसांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. छिन्नी धरणारे, दगडाचा चुरा वाहणारे, पाणी आणणारे, कोणाचीच नोंद उरली नाही. त्यांची चाहूल लागते ती या तांब्याच्या नाण्यांतून. सोन्याच्या मोहरेतून राजाचा थाट कळला असता. मजुराचा पत्ता मात्र चिल्लरीने दिला.

आणि हा पत्ता लागला कशामुळे? नाणी घारापुरीला सापडली आणि ‘घारापुरीला सापडली’ अशी नोंद झाली म्हणून. समजा, तेच नाणं कोणी उचलून जुन्या बाजारातल्या टोपलीत टाकलं असतं. तज्ज्ञाने ते हातात घेऊन ‘हा कृष्णराज’ एवढं सांगितलं असतं. लेणं आणि मजूर त्या नाण्यापासून कायमचे तुटले असते. आजच्या गप्पांतलं मुख्य सांगणं हेच. जुनं नाणं काय आहे याइतकंच ते कुठे सापडलं आणि कशाबरोबर सापडलं, याला मोल असतं.

या कृष्णराजाची चांदीची नाणीही होती. आकाराने लहान, वजन सुमारे दोन ग्रॅम. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी. भोवती लिहिलेल्या अक्षरांत राजा स्वतःला शिवाचा भक्त आणि आई-वडिलांच्या पायांचं चिंतन करणारा म्हणवतो. ही नाणी मुंबई, नाशिक, सातारा अशा दूरदूरच्या ठिकाणी सापडली आहेत. इसवी सन ७१० च्या सुमारास भोगशक्ती नावाच्या राजाने दिलेला एक ताम्रपट नाशिकजवळ अंजनेरीला मिळाला. त्यात रकमा सांगितल्या आहेत त्या ‘कृष्णराज रूपक’ या नाण्यात. म्हणजे राजा जाऊन दीडशे वर्षं झाली तरी लोक त्याच्या नावाचं नाणं मोजत होते. राज्य गेलं तरी चलन चाललं, कारण बाजाराचा त्यावर विश्वास होता.

आता नाशिकला आलोच आहोत तर तुम्हाला तुमच्याच धंद्यातली एक गोष्ट सांगते. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. नहपान नावाचा क्षत्रप राजा तेव्हा राज्य करत होता. त्याचा जावई उषवदात. त्याची बायको दक्षमित्रा, म्हणजे नहपानाची मुलगी, हिनेही तिथे एक खोली दान दिल्याचा लेख आहे. तर या उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी ३००० कहापण, म्हणजे त्या काळचे रुपये म्हणा, कायमचे ठेवले. ठेवले कुठे? जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. आपल्या गटाची पणजीच म्हणा ना.

हिशोब ऐका. एका श्रेणीकडे २००० कहापण, दरमहा शेकडा एक दराने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. आता २००० चं महिन्याचं व्याज झालं २०, वर्षाचं २४०. लेण्यात पावसाळा काढणारे भिक्खू वीस, आणि प्रत्येकाला कपड्यासाठी मिळायचे बारा. वीस बारे दोनशे चाळीस. हिशोब पै न पै जुळतो! दुसऱ्या हजाराचं वर्षाचं व्याज नव्वद, ते वेगळ्या खर्चासाठी. आणि हा सगळा व्यवहार नगराच्या निगमसभेत जाहीर केला, फलकावर नोंदवला, असंही लेखात आहे. आपण गटाच्या बैठकीत ठराव वाचतो, वहीत लिहितो, सह्या घेतो. वेगळं काय आहे?

लेखात हे कहापण वाचायला मिळतात. पण ते दिसत कसे होते? आणि ज्या नहपानाच्या राज्यात हा व्यवहार झाला, त्याचं पुढे काय झालं? याचं उत्तर मिळालं १९०६ साली. नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठी जोगलटेंभी नावाचं गाव आहे. तिथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. नाणी किती? १३,२५० च्या आसपास. सगळी नहपानाची. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण त्यातल्या ९,२७० च्या वर नाण्यांवर एक गंमत होती. त्यांच्यावर दुसराच ठसा मारलेला होता. राजाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर उमटवलेला, खाली पाण्याची नागमोडी रेघ, भोवती ब्राह्मी लिपीत नाव, गौतमीपुत्र सातकर्णी. दर दहा नाण्यांतल्या सातांवर हा नवा ठसा.

याचा अर्थ सरळ आहे. सातवाहनांच्या गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला आणि त्याचा पैसा आपला करून घेतला. सगळी चांदी वितळवून नवी नाणी पाडत बसण्यापेक्षा जुन्यावरच आपली छाप मारली. आजच्या भाषेत, दुकानावरचा जुना बोर्ड न काढता त्यावरच नवं नाव रंगवलं. नीट पाहिलं तर एकाच नाण्यावर खालचा राजा आणि वरचा राजा, दोन्ही दिसतात.

आणि इथे एक आई येते. गौतमी बलश्री. नाशिकच्याच तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तिचा लेख आहे. तो कोरला तेव्हा तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी गादीवर होता आणि त्याच्या राज्याचं एकोणिसावं वर्ष चाललं होतं. त्या लेखात तिच्या मुलाचं, गौतमीपुत्राचं कौतुक आहे. त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला असं त्यात म्हटलं आहे. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं. आता आईने मुलाचं कौतुक करावं, त्यात थोडं वाढवून सांगावं, हे आपल्याला नवीन नाही. नुसता लेख असता तर कोणी म्हणालं असतं, म्हातारीच्या मायेचे बोल आहेत. पण जोगलटेंभीच्या साठ्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांनी साक्ष दिली, की आजी खरं बोलत होती.

जाता जाता हेही लक्षात घ्या, की गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही नावं आईवरून पडलेली आहेत. हातोहात फिरणाऱ्या चांदीच्या नाण्यावर राजाच्या नावात आईचं नाव होतं.

आता कल्पना करा. १९०६ साली ती चांदी सापडल्यावर ज्याच्या त्याच्या हाती वाटली गेली असती आणि आठवडाभरात सोनाराकडे जाऊन तोडे-वाळे झाली असती. किंवा पन्नास नाणी इकडे, शंभर तिकडे गेली असती. मग ‘दहातल्या सातांवर नवा ठसा’ हा हिशोब कोणाला मांडता आला असता? साठा एकत्र राहिला, एकत्र मोजला गेला, म्हणून तो बोलला.

बरं, आता आपल्या घरातल्या नाण्यांकडे वळू. ओळखायचं कसं? फार शिकायला लागत नाही. धातू बघा, वजन बघा, दोन्ही बाजूंची चित्रं बघा, अक्षरं कोणत्या लिपीत आहेत ते बघा.

चांदीचे वाकडेतिकडे, चौकोनी किंवा ओबडधोबड गोल तुकडे, त्यांवर सूर्य, चक्र, झाड, प्राणी असे वेगवेगळे छोटे ठसे, आणि अक्षर एकही नाही, अशी असतात आहत नाणी. ही आपल्या देशातल्या सगळ्यांत जुन्या नाण्यांपैकी. करड्या रंगाचं, हाताला जड लागणारं शिशाचं नाणं आणि त्यावर सोंड वर केलेला हत्ती किंवा अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं दिसली, तर ते सातवाहनांचं असण्याची शक्यता मोठी. रोजच्या बाजारासाठी ते शिशाची नाणी पाडत. लोक त्याला छर्रा समजून फेकून देतात!

तांब्याची शिवराई तुम्हाला माहीत आहे. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, कडेने ठिपक्यांची माळ. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. पण प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. पुढे पेशवाईतही वेगवेगळ्या टांकसाळींत ती पडत राहिली. अक्षरांचं वळण, ओळींची मांडणी, मधल्या रेघा यांवरून जाणकार काळ सांगतात. म्हणूनच ती अक्षरं घासून टाकायची नाहीत. माझं ऐका, मी ती घासली आहेत.

चांदीचा राणी छाप रुपया तर बऱ्याच घरांत असतो. त्यावर राणी व्हिक्टोरियाचा मुकुटातला चेहरा. इंग्रजीत तिच्या नावापुढे ‘क्वीन’ असेल तर तो १८६२ पासून पुढचा. ‘एम्प्रेस’ म्हणजे सम्राज्ञी लिहिलं असेल तर १८७७ किंवा नंतरचा. त्याचं वजन ११.६६ ग्रॅम, आणि तोच जुना तोळा. आजी ज्या तोळ्याने सोनं मोजायची तो हा रुपया.

आणि गळ्यातली पुतळीची माळ? पुतळी हे मुळात सोन्याचं नाणं आहे, इटलीतल्या व्हेनिस शहराचं. त्या व्यापाऱ्यांचं सोनं समुद्रमार्गे आपल्या बंदरांत यायचं. त्यावर त्यांचा संत आणि त्यांचा राज्यप्रमुख, अशा माणसांच्या आकृती असत. आपल्या बायकांनी त्यांत आपले देव पाहिले, नाण्याला पुतळी म्हटलं आणि माळेत ओवलं. नंतर आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या. परदेशी चलन आपण दागिना करून टाकलं!

खोट्या नाण्यांपासून सावध राहा. गडांच्या पायथ्याशी, जत्रेत नव्या शिवराया आणि होन विकायला असतात. नाण्याच्या कडेला साच्याची जोडरेघ दिसली, अंगावर बारीक बुडबुड्यांचे खळगे दिसले, तर ते ओतून केलेलं समजा. लोहचुंबक लावून बघा. तांबं, चांदी, सोनं, शिसं चुंबकाला चिकटत नाहीत. चिकटलं तर आत लोखंड आहे.

दुसरा सापळा मोबाइलवरचा. ‘वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ असे निरोप येतात. मग नोंदणी शुल्क भरा, कर भरा म्हणून आपल्याकडूनच पैसे उकळतात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे प्रकार होऊ लागले, तेव्हा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना जाहीर सावध केलं, की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांचे असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी कोणतंही शुल्क मागत नाही. एक रुपयाही पाठवायचा नाही, ओटीपी तर सांगायचाच नाही.

आता महत्त्वाचं. विहीर, शेततळं, घराचा पाया खणताना मडकं लागलं, नाणी निघाली, तर काय करायचं? १८७८ चा एक कायदा अजून लागू आहे, निखात निधीचा. निखात म्हणजे जमिनीत पुरलेलं. दहा रुपयांहून जास्त किमतीचं असं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. आपण तलाठी किंवा तहसीलदारांमार्फत कळवू शकतो. लोक घाबरतात, की सगळं सरकारजमा होईल आणि आपल्याला पोलीस ठाण्याच्या खेपा. पण कायद्यात शोधणाऱ्याचा हक्क लिहिलेला आहे. खरा वारस पुढे आला नाही आणि आधी वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा. सरकारने ठेवा स्वतःकडे घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा लागतो. दुसऱ्याच्या शेतात मजुरीने खणणाऱ्या बाईनेही हे ऐकून ठेवावं. उलट लपवलं किंवा ओळख पुसण्यासाठी वितळवलं, तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आजीकडून वारशाने आलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. ती घरची आहेत, ती निर्धास्त जपा. फक्त शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी विकता किंवा पाठवता येत नाही.

आणि गुप्तधनाच्या नावाने कोणी मांत्रिक उतारे, बळी असलं काही सुचवू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो अघोरीपणा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

सापडलं तर मडकं शक्यतो हलवू नका. आहे तसा फोटो काढा. नाणी धुवू नका, मोजायच्या निमित्ताने वाटू नका. मडक्याची खापरंसुद्धा ठेवा, कारण खापरावरूनही काळ कळतो.

शेवटी एक काम सुचवते. आपल्या गटाच्या वहीत शेवटची चार पानं नाण्यांसाठी ठेवा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातलं जुनं नाणं आणावं, न घासता. वहीत लिहा: धातू, वजन, दोन्ही बाजूंना काय दिसतं, घरात कोणाकडून आलं किंवा कुठे सापडलं. वजन गावातला सोनार करून देईल. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मग नाणं कागदाच्या वेगळ्या पाकिटात ठेवून वर तीच माहिती लिहा. वाचता आलं नाही तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला तर नाण्यांच्या अभ्यासाचीच संस्था आहे, त्याच अंजनेरीला जिथे कृष्णराज रूपकांचा ताम्रपट मिळाला. गटाची सहल नाहीतरी कुठेतरी जातेच, एकदा तिकडे न्या.

विणकरांच्या श्रेणीकडच्या ठेवीचा हिशोब लेण्यात कोरून ठेवला म्हणून आज आपण वीस बारे दोनशे चाळीस करू शकलो. घारापुरीच्या मजुराने काही लिहून ठेवलं नाही, त्याच्या हातची चिल्लर तेवढी राहिली. आपल्याकडे वही आहे आणि लिहिता येणाऱ्या मुली आहेत. माझ्या आजीची शिवराई मी पाकिटात ठेवली आहे. पाकिटावर आजीचं नाव आणि गाव लिहिलं आहे, आणि खाली खरं तेही लिहिलं आहे, ‘नातीने चिंचेने घासली’.

तुमची तशी घासू नका. येते मी, नमस्कार.